गार्डनर फॉक्स

गार्डनर फ्रान्सिस कूपर फॉक्स (२० मे १९११ – २४ डिसेंबर १९८६) हे अमेरिकन चित्रकथालेखक व कादंबरीकार होते. फ्लॅश, हॉकमन, डॉक्टर फेट आणि सँडमन या सुपरहिरोंचे ते सहनिर्माते होत. एकाच कथेत अनेक सुपरहिरोंना एकत्र आणणारा ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ हा चित्रकथांतील पहिला संघ आणि त्याचा पुढचा अवतार असलेला ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ या दोन्हींच्या आरंभीच्या कथा त्यांनी लिहिल्या. सुमारे ४,००० चित्रकथा आणि शंभराहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर मोडतात. समांतर पृथ्वीची कल्पना सुपरहिरोंच्या कथांमध्ये रुजवून जुन्या व नव्या नायकांची भेट घडवून आणणे, हे त्यांचे सर्वांत दूरगामी कार्य मानले जाते.

बालपण व शिक्षण

फॉक्स यांचा जन्म न्यू यॉर्क शहरातील ब्रुकलिन येथे झाला. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास एडगर राइस बरोज यांच्या मंगळ ग्रहावरील साहसकथा त्यांच्या हाती पडल्या. त्या वाचनाने अद्भुतरम्य साहित्याची जी गोडी त्यांना लागली, ती आयुष्यभर टिकली. परग्रहावर जाऊन पोहोचलेला पृथ्वीवरचा माणूस हा बरोज यांच्या कथांचा नायक पुढे फॉक्स यांच्या लेखनातही निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटतो.

सेंट जॉन्स महाविद्यालयातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली व १९३५ मध्ये त्यांना न्यू यॉर्क राज्यात वकिलीची सनद मिळाली. तो काळ महामंदीचा होता. सुमारे दोन वर्षे वकिली केल्यावर ते लेखनाकडे वळले. पुढे डीसी कॉमिक्स या नावाने प्रसिद्धीस आलेल्या प्रकाशनसंस्थेत व्हिन सुलिवन हे संपादक होते. त्यांच्यासाठी फॉक्स १९३७ पासून कथा लिहू लागले. सरकारी वकील असलेल्या नायकाची ‘स्टीव्ह मलोन’ ही कथामालिका त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी होय. हे काम कथेगणिक मोबदल्याचे होते. संस्थेच्या वेतनपटावर ते नव्हते. या गोष्टीचे परिणाम त्यांना तीस वर्षांनंतर भोगावे लागले.

बॅटमॅन व १९४० चे नायक

१९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन प्रथम अवतरला. त्यानंतर अवघ्या दोन अंकांनी त्याच्या कथा फॉक्स यांनी लिहिल्या. बॅटमॅनच्या कमरेचा अवजारांचा पट्टा २९ व्या अंकात आला, तर बॅटरँग हे फेकण्याचे शस्त्र आणि बॅटजायरो हे उडते वाहन ३१ व्या अंकात आले. पट्टा व बॅटरँग हे या पात्राचे आज अविभाज्य भाग समजले जातात. छापील अंकांवर मात्र दीर्घकाळ केवळ बॉब केन यांचेच नाव येत असे. त्यामुळे या भरीचे श्रेय फॉक्स यांना सर्वसामान्य वाचकांकडून क्वचितच मिळाले.

त्याच वर्षी चित्रकार बर्ट ख्रिस्टमन यांच्यासह त्यांनी सँडमन हे पात्र निर्माण केले. जानेवारी १९४० असा दिनांक असलेल्या ‘फ्लॅश कॉमिक्स’च्या पहिल्याच अंकात त्यांचे दोन नायक एकदम प्रकाशात आले. हॅरी लॅम्पर्ट यांनी रेखाटलेला फ्लॅश हा त्यांपैकी पहिला. जे गॅरिक या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील अपघातामुळे अतिवेग प्राप्त होतो, अशी त्याची कथा आहे. दुसरा डेनिस नेव्हिल यांनी रेखाटलेला हॉकमन. प्राचीन इजिप्तमधील राजपुत्राचा पुनर्जन्म आणि पाठीला पंख अशी त्याची कल्पना होती. त्याच वर्षी हॉवर्ड शर्मन यांच्यासह त्यांनी डॉक्टर फेट हा मांत्रिक नायक उभा केला. विज्ञान, पुराणे आणि इतिहास या तीन विषयांत फॉक्स यांना सारखाच रस होता, हे या पात्रांवरून दिसून येते.

जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका

त्या काळात प्रत्येक सुपरहिरो आपापल्या कथेत एकटा वावरत असे. एकाच मासिकाच्या एका पानावर फ्लॅश व पुढच्या पानावर हॉकमन असला, तरी दोघांचा परस्परांशी काही संबंध नसे. ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकाने (हिवाळा १९४०-४१) ही रीत मोडली. संपादक शेल्डन मेयर यांच्या हाताखाली निघालेल्या या अंकात फॉक्स यांनी आठ नायकांना एका जेवणाच्या टेबलाभोवती बसवले. फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन, ॲटम, स्पेक्टर, अवरमॅन, डॉक्टर फेट व सँडमन हे ते आठ जण. जॉनी थंडर हा नववा गडी निमंत्रण नसताना तेथे येऊन धडकतो व कथेला विनोदाची फोडणी देतो.

या पहिल्या अंकात नायक एकत्र लढत नाहीत, तर प्रत्येक जण आपली एकेक हकिगत सांगतो. जुन्या कथासंग्रहांतील कथेत कथा गुंफण्याच्या पद्धतीशी या रचनेचे नाते आहे. चौथ्या अंकापासून मात्र संघापुढे एक सामायिक कामगिरी येऊ लागली. आरंभी सर्वांनी जमायचे, कामाची वाटणी करून आपापल्या दिशेने जायचे आणि अखेरीस पुन्हा एकत्र येऊन शत्रूचा बीमोड करायचा, असा तिचा साचा ठरला. पात्रे पुष्कळ आणि पाने मोजकी असताना प्रत्येकाला न्याय देण्याचा हा व्यवहार्य मार्ग होता. सुपरहिरोंच्या संघकथा पुढे कित्येक दशके याच साच्यावर लिहिल्या गेल्या.

या संघाच्या कल्पनेला धंद्याची बाजूही होती. नायक दोन संलग्न प्रकाशनसंस्थांचे होते. ज्याला स्वतःचे स्वतंत्र मासिक मिळेल त्याने संघातील जागा दुसऱ्यास मोकळी करून द्यावी, असा प्रारंभी नियम असे. त्यामुळे कमी परिचित पात्रांची वाचकांशी ओळख होई. फॉक्स यांनी या मालिकेसाठी १९४७ पर्यंत, म्हणजे ३४ व्या अंकापर्यंत लेखन केले. महायुद्धानंतर सुपरहिरोंची लोकप्रियता ओसरली. १९५१ मध्ये ५७ व्या अंकानंतर या मासिकाचे नाव बदलून ते गुराखी वीरांच्या कथांचे करण्यात आले आणि जस्टिस सोसायटी कोणताही निरोप न घेता वाचकांच्या नजरेआड झाली.

ज्युलियस श्वार्ट्झ यांच्यासोबत

१९५० च्या दशकात फॉक्स यांनी गुराखी वीर, गुन्हेशोध, इतिहास आणि विज्ञानकथा अशा सर्व प्रकारांत लेखन केले. याच काळात संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांच्याशी त्यांचे साहचर्य दृढ झाले. श्वार्ट्झ हे पूर्वी विज्ञानकथालेखकांचे प्रतिनिधी म्हणून काम करीत असत. ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’ व ‘मिस्टरी इन स्पेस’ या विज्ञानकथांच्या मासिकांत फॉक्स यांनी नियमित लिहिले. १९५८ मध्ये आलेला ॲडम स्ट्रेंज हा दुसऱ्या ग्रहावर जाऊन पराक्रम गाजवणारा पुरातत्त्वज्ञ त्यांच्या बालपणीच्या बरोज-वाचनाशी थेट नाते सांगतो.

१९५६ मध्ये श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली फ्लॅशचे पुनरुज्जीवन झाले होते. हा फ्लॅश मात्र नवा होता. त्याचे नाव बॅरी ॲलन. तो पोलीस खात्यातील शास्त्रज्ञ होता आणि जे गॅरिक हे त्याच्या दृष्टीने जुन्या चित्रकथेतील एक काल्पनिक पात्र होते. पहिल्याच कथेत तो फ्लॅशचा जुना अंक वाचताना दाखवला आहे. या लहानशा तपशिलातून पुढे फॉक्स यांची सर्वाधिक गाजलेली कथा उगवली.

१९६० मध्ये ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या २८ व्या अंकात श्वार्ट्झ व फॉक्स यांनी जुन्या संघाची कल्पना नव्या नायकांसह पुन्हा मांडली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, ॲक्वामॅन व मार्शियन मॅनहंटर असे सात जण ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ या नावाने एकत्र आले. चित्रे माइक सेकोव्स्की यांची होती. ‘सोसायटी’ऐवजी ‘लीग’ हा शब्द श्वार्ट्झ यांनी सुचवला, कारण बेसबॉलच्या स्पर्धांमुळे अमेरिकन मुलांना तो जवळचा वाटेल, असा त्यांचा होरा होता. संघाला त्याच वर्षी स्वतंत्र मासिक मिळाले व त्याचा खपही चांगला झाला. हा खप पाहूनच आपल्या प्रकाशकाने सुपरहिरोंच्या संघाची कथा मागितली, असे मार्व्हल कॉमिक्सचे स्टॅन ली यांनी नमूद केले आहे. त्यातून १९६१ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ जन्मास आले.

‘फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्‌स’

सप्टेंबर १९६१ असा दिनांक असलेल्या ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकातील ही कथा फॉक्स यांनी लिहिली व कार्माइन इन्फँटिनो यांनी रेखाटली. अनाथ मुलांसमोर वेगाच्या करामती दाखवीत असताना बॅरी ॲलन इतक्या तीव्रतेने कंप पावतो की तो अदृश्य होऊन एका अनोळखी शहरात पोहोचतो. शहराचे नाव कीस्टोन सिटी. हे जे गॅरिकचे शहर असल्याचे जुन्या अंकांच्या वाचनामुळे त्याच्या ध्यानात येते. तो जेच्या घरी जातो, तेव्हा त्याची गाठ केस पांढरे होऊ लागलेल्या, निवृत्त झालेल्या फ्लॅशशी पडते. दोन पृथ्वी एकाच जागी, परंतु निरनिराळ्या कंपनगतीने अस्तित्वात असल्याने एकमेकींना दिसत नाहीत, असे स्पष्टीकरण बॅरी देतो. यानंतर दोघे मिळून जेच्या तीन जुन्या शत्रूंचा पाडाव करतात.

कथेत फॉक्स यांचे स्वतःचे नावही येते. जे गॅरिकच्या कथा लिहिणाऱ्या गार्डनर फॉक्स नामक लेखकाला त्या स्वप्नांत सुचत असत, म्हणजे त्याचे मन झोपेत दुसऱ्या पृथ्वीशी जुळत असावे, असा तर्क बॅरी मांडतो. लेखकांची नावे छापण्याची रीत सार्वत्रिक नसलेल्या त्या काळात वाचकांना मूळ लेखकाचे नाव असे कथेच्या ओघात कळले.

या कथेचे महत्त्व केवळ दोन नायकांच्या भेटीपुरते नाही. नवा नायक आला की जुना रद्द झाला, असाच तोवरचा व्यवहार होता. फॉक्स यांनी जुन्या नायकाला खोटे ठरवले नाही. त्याला स्वतःची पृथ्वी दिली, वय दिले, घरसंसार दिला आणि नव्या नायकाच्या तोंडून त्याचा आदर केला. दहा-बारा वर्षांपूर्वी जस्टिस सोसायटीच्या कथा वाचलेल्या व आता प्रौढ झालेल्या वाचकांना आपले वाचन वाया गेले नसल्याचे समाधान त्यातून लाभले.

दोन संघांची भेट

या कल्पनेचा विस्तार ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’च्या २१ व २२ या अंकांत (ऑगस्ट व सप्टेंबर १९६३) झाला. ‘क्रायसिस ऑन अर्थ-वन’ व ‘क्रायसिस ऑन अर्थ-टू’ अशी या दोन भागांची शीर्षके आहेत. दोन्ही पृथ्वींवरील तीन-तीन गुन्हेगार संगनमत करतात. एका पृथ्वीवर गुन्हा करून दुसऱ्या पृथ्वीवर दडून बसायचे, अशी त्यांची युक्ती असते. आपल्याच मुख्यालयात अडकून पडलेले जस्टिस लीगचे सदस्य मर्लिनच्या स्फटिकगोलाभोवती बसून दुसऱ्या पृथ्वीवरील जस्टिस सोसायटीला आवाहन करतात आणि तो संघ धुरातून प्रकट होतो.

आज हे अंक पुन्हा वाचताना त्यांतील काही गोष्टी जुनाट वाटतात. संवाद स्पष्टीकरणांनी भरलेले आहेत. नायक जवळजवळ एकाच स्वरात बोलतात आणि पात्रांच्या गर्दीत व्यक्तिरेखांना खोली मिळत नाही. कथेची बांधणी मात्र अजूनही भक्कम आहे. दीड डझनाच्या घरातील पात्रांची नावे, शक्ती व मर्यादा नव्या वाचकाला समजतील अशा रीतीने मांडत कथा पुढे नेणे सोपे नव्हते. १९४० च्या दशकात घडवलेला जमणे, विभागणे व पुन्हा जमणे हा साचा येथे दोन संघांसाठी एकाच वेळी वापरला आहे.

एक विसंगती अभ्यासकांनी अनेकदा दाखवली आहे. वयाने व प्रकाशनाच्या क्रमाने थोरले असूनही जुन्या नायकांच्या वाट्याला ‘पृथ्वी-दोन’ आली व नव्यांची ‘पृथ्वी-एक’ ठरली. असे असले तरी दोन संघांच्या भेटीचा हा प्रसंग वाचकांच्या इतका पसंतीस उतरला की तो वार्षिक उत्सवच बनला व १९८५ पर्यंत चालू राहिला. १९६४ च्या भेटीत फॉक्स यांनी पृथ्वी-तीन निर्माण केली. तेथे सुपरमॅन, बॅटमॅन इत्यादींची प्रतिरूपे खलनायक आहेत.

लेखनपद्धती व वाचकांशी संबंध

फॉक्स हे चौफेर वाचन करणारे लेखक होते. विज्ञान, इतिहास, पुराणे व दैनंदिन चमत्कारिक वृत्ते यांची टिपणे व कात्रणे ते संग्रही ठेवीत आणि कथांत वापरीत. श्वार्ट्झ यांच्याबरोबर बसून कथानकाची चर्चा करायची, अनेकदा मुखपृष्ठाची कल्पना आधी ठरवायची व नंतर घरी जाऊन संहिता पुरी करायची, अशी त्यांची कार्यपद्धती होती. १९६१ मध्ये नव्याने आलेल्या ॲटम व हॉकमन यांच्या कथा त्यांनी अनुक्रमे गिल केन व जो क्यूबर्ट या चित्रकारांसह लिहिल्या. मांत्रिक पित्याचा शोध घेणारी झटाना ही त्यांची मानसकन्या १९६४ मध्ये अवतरली. तिचा शोध निरनिराळ्या मासिकांतून फिरत १९६७ मध्ये जस्टिस लीगच्या अंकात संपला. बार्बरा गॉर्डन ही बॅटगर्ल १९६७ मध्ये प्रथम आली, ती कथाही फॉक्स यांचीच.

वाचकांच्या पत्रांना ते उत्तरे देत. जस्टिस सोसायटीच्या जुन्या अंकांचा आपला संच त्यांनी जेरी बेल्स या चाहत्यास दिला. पुढे रॉय थॉमस या तरुणाने तेच अंक मागितले, तेव्हा फॉक्स यांनी त्याला बेल्स यांचा पत्ता सुचवला. या दोघांच्या पत्रव्यवहारातून १९६१ मध्ये ‘ऑल्टर इगो’ हे चाहत्यांचे नियतकालिक निघाले व अमेरिकेतील चित्रकथांच्या संघटित अभ्यासाला चालना मिळाली. थॉमस हे कालांतराने स्वतः नामवंत चित्रकथालेखक झाले.

डीसीपासून दुरावा

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डीसीच्या काही ज्येष्ठ लेखकांनी आरोग्यविमा व इतर सोयींची मागणी केली. फॉक्स त्यांच्यापैकी एक होते. तीन दशके लिहूनही त्यांना कर्मचाऱ्याचे कोणतेही लाभ नव्हते आणि त्यांनी निर्माण केलेल्या पात्रांवर त्यांचा कसलाही हक्क नव्हता. संस्थेने मागणी नाकारली. नवे काम देणेही हळूहळू बंद झाले व ज्येष्ठांची जागा तरुण लेखकांनी घेतली. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला ६५ वा अंक हा ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’साठीचा त्यांचा अखेरचा ठरला. ती दोन संघांच्या सहाव्या वार्षिक भेटीची कथा होती. त्याआधीच्या वर्षी, १९६७ मध्ये, त्यांनी आपल्या संहिता, टिपणे व वाचकांची १९४० च्या दशकापासूनची पत्रे चौदा खोक्यांहून अधिक भरतील इतकी ऑरेगन विद्यापीठास दिली होती. अमेरिकन चित्रकथांच्या इतिहासाचे ते एक मोलाचे साधन आहे.

जुन्या नायकांना नव्यांच्या बरोबरीने जागा मिळवून देणाऱ्या लेखकाला ज्येष्ठ झाल्यावर स्वतःच्या संस्थेत जागा उरली नाही. फॉक्स यांच्या चरित्रातील हा विरोधाभास त्यांच्यावर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या नजरेस येतो.

कादंबरीलेखन व अखेरचा काळ

चित्रकथांच्या जोडीने फॉक्स १९५० च्या दशकापासून कादंबऱ्याही लिहीत होते. डीसीचे काम थांबल्यावर तेच त्यांचे प्रमुख साधन झाले. ऐतिहासिक प्रणयकथा, साहसकथा, हेरकथा आणि प्रौढांसाठीच्या कथा त्यांनी स्वतःच्या तसेच जेफरसन कूपर, बार्ट सोमर्स इत्यादी टोपणनावांनी लिहिल्या. ‘वॉरियर ऑफ लार्न’ (१९६४) ही बरोज यांच्या वळणाची परग्रहकथा, तसेच कोथार व किरिक या रानवट योद्ध्यांच्या मालिका त्यांच्या अद्भुतकथांत विशेष परिचित आहेत. यांतील बहुतेक पुस्तके स्वस्त कागदी बांधणीतील होती. प्रतिष्ठित समीक्षेने त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मार्व्हलसाठी ‘डॉक्टर स्ट्रेंज’सह काही कथा लिहिल्या. तथापि बदललेल्या अभिरुचीत ते तेथे फार काळ रमले नाहीत.

१९८५-८६ मध्ये डीसीने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्‌स’ या बारा अंकी मालिकेद्वारे सर्व समांतर पृथ्वी नष्ट करून एकच पृथ्वी ठेवली. मालिकेच्या नावातील ‘क्रायसिस’ हा शब्द फॉक्स यांच्या १९६३ च्या शीर्षकांतून आलेला होता. ती मालिका पूर्ण झाली त्याच वर्षाच्या अखेरीस, २४ डिसेंबर १९८६ रोजी, न्यू जर्सी राज्यातील प्रिन्सटन येथे वयाच्या ७५ व्या वर्षी फॉक्स यांचे निधन झाले.

सन्मान व वारसा

हयातीत फॉक्स यांना १९६० च्या दशकात चाहत्यांकडून दिले जाणारे ॲली पुरस्कार आणि १९७८ मध्ये इंकपॉट पुरस्कार मिळाला. मरणोत्तर १९९९ मध्ये आयझ्नर पुरस्कारांच्या गौरवदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. २००७ मध्ये त्यांना बिल फिंगर पुरस्कार देण्यात आला. पुरेसे श्रेय न मिळालेल्या चित्रकथालेखकांसाठी असलेला हा पुरस्कार ज्यांच्या नावे दिला जातो ते बिल फिंगर हेही बॅटमॅनचे लेखक होते. फॉक्स यांच्याप्रमाणेच विम्याची मागणी करणाऱ्यांत तेही होते.

डीसीने समांतर पृथ्वींची कल्पना पुढे पुन्हा स्वीकारली. २०१५ मध्ये ‘द फ्लॅश’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागाला ‘फ्लॅश ऑफ टू वर्ल्ड्‌स’ हेच नाव देण्यात आले व १९६१ च्या मुखपृष्ठाची हुबेहूब दृश्यरचना त्यात योजली गेली. कोसळणाऱ्या तुळईखालील माणसाला वाचवण्यासाठी एका भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी धावत येणारे दोन फ्लॅश, असे ते चित्र आहे. भिंतीपलीकडच्या सोबत्याचा दोघांपैकी एकालाही पत्ता नाही. निरनिराळ्या पिढ्यांचे, निरनिराळ्या विश्वांचे नायक एकाच पडद्यावर आणणारे चित्रपट आज जगभर पाहिले जातात. त्यांच्या मांडणीची पूर्वपीठिका फॉक्स यांच्या या मोजक्या अंकांत सापडते.